लोकसंख्येचे बदलते स्वरूप आणि हुबळी-धारवाडचा कामगारवर्ग : तारिहाळच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशात माणसे किती आहेत, एवढ्यावरून तेथील कामगारवर्गाची कल्पना येत नाही. ती माणसे कोणत्या वयाची आहेत, कोठून आली आहेत, त्यांच्या हातांना कोणते काम येते आणि ते काम त्यांना कोण देतो, या प्रश्नांची उत्तरेही शोधावी लागतात. लोकसंख्या वाढली की मजूर स्वस्त होतो आणि घटली की मजुरी चढते, असे समीकरण पाठ्यपुस्तकांत मांडले जाते. इतिहासात मात्र हे समीकरण वारंवार चुकलेले दिसते. माणसे भरपूर असूनही कारागिरांची टंचाई भासल्याची उदाहरणे आहेत, तशीच हातात हुन्नर असूनही उपाशी राहिलेल्यांचीही आहेत.

हुबळीलगतचे तारिहाळ हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कापूस आणि ज्वारीच्या मुलखातील हे गाव आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. यंत्रांचे सुटे भाग, ओतकाम, अभियांत्रिकी जोडकाम अशा लहान-मोठ्या कारखान्यांत आसपासच्या खेड्यांतील आणि हुबळीच्या जुन्या वस्त्यांतील माणसे कामाला येतात. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्याच्या एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदी मुंबई इलाख्याच्या जनगणना व गॅझेटियरमध्ये आहेत, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी त्याचा थेट संबंध लागतो. या परिसरातील लोकसंख्येची स्थित्यंतरे आणि कामगारवर्गाची घडण यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुष्काळ, कापूस आणि रेल्वे

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळ हा दख्खनच्या लोकसंख्येवरील मोठा आघात होता. १८७२ साली धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ८९ हजार होती. १८८१ च्या जनगणनेत ती सुमारे ८ लाख ८३ हजारांवर आली. म्हणजे नऊ वर्षांत एक लाखाहून अधिक, जवळजवळ दहा टक्के माणसे कमी झाली. काही मरण पावली, काही मुलूख सोडून गेली. दुष्काळात सर्वाधिक बळी जातो तो लहान मुलांचा आणि वृद्धांचा. त्यामुळे अशा आपत्तीचा परिणाम त्याच वर्षापुरता राहत नाही. जी मुले वाढलीच नाहीत, त्यांची उणीव पंधरा-वीस वर्षांनी शेतात आणि कारखान्यात जाणवते.

या दुष्काळाचा दुसरा परिणाम म्हणजे रेल्वे. अन्नधान्य वेळेवर पोहोचवण्यासाठी दक्षिण मराठा मुलखात रेल्वे हवी, हा विचार दुष्काळानंतर बळावला. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. हुबळी हे तिचे महत्त्वाचे केंद्र बनले आणि १८८५ च्या सुमारास तेथे वर्कशॉप उभे राहिले. धारवाड-लोंढ्यामार्गे ही रेल्वे पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदराशी जोडली गेली. या भागातील कापसाला बंदराची जवळची वाट मिळाली.

कापसाची पार्श्वभूमी त्याहून जुनी आहे. अमेरिकन जातीच्या कापसाची लागवड धारवाड परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजवण्यात आली होती. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा ‘धारवाड-अमेरिकन’ कापसाला मोठी मागणी आली. हुबळी ही दक्षिण मराठा मुलखातील कापसाची प्रमुख पेठ बनली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, पुढे सूतगिरणीही आली.

या सर्वांचा परिणाम शहराच्या लोकसंख्येत दिसतो. १८८१ मध्ये हुबळीची वस्ती सुमारे ३६ हजार होती. १९०१ मध्ये ती ६० हजारांवर गेली. याच वीस वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एकचतुर्थांशाने वाढली, तर शहराची जवळजवळ दोनतृतीयांशाने. ही जादा माणसे शहरात जन्मलेली नव्हती. दुष्काळाने उखडलेले शेतमजूर, धंदा बसलेले विणकर आणि रेल्वेमागे आलेले कारागीर यांनी ती भर घातली होती.

पिंजाऱ्यांचे उदाहरण

यंत्रयुगाच्या या आगमनाने सर्वांनाच काम दिले असे नाही. उत्तर कर्नाटकातील पिंजारी अथवा नदाफ हा मुस्लिम समाज पिढ्यानपिढ्या कापूस पिंजण्याचे काम करीत असे. धनुकली घेऊन गावोगाव फिरणारा पिंजारी गाद्या भरून देई आणि सुतासाठी कापूस मोकळा करून देई. कापसाचा व्यापार वाढला, तेव्हा या समाजाची भरभराट व्हावयास हवी होती. झाले उलट. गावातला कापूस गावात राहीनासा झाला. तो थेट जिन-प्रेसमध्ये जाऊ लागला आणि तेथून गाठी बनून बंदराकडे रवाना होऊ लागला. घरी सूत कातणे मागे पडले आणि पिंजाऱ्याच्या कामाचा मोठा भाग नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोमच्या गाद्या आल्यावर उरलेले कामही आकसले.

कापूस वाढला, माणसेही वाढली, आणि तरीही कापसाचेच काम करणारा समाज बेकार झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नदाफ-पिंजारी समाजाचा समावेश आज कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत प्रवर्ग १ मध्ये होतो. हा समाज मागासलेला ‘जन्मला’ नाही. त्याचे कौशल्य बाजारातून उठले आणि दुसरे कौशल्य शिकण्याची व्यवस्था त्याला मिळाली नाही.

याउलट उदाहरण महाराष्ट्रातील मालेगाव आणि भिवंडीचे आहे. उत्तर भारतातील मोमीन विणकर एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतरच्या उलथापालथीत आणि पुढील दुष्काळांत, दक्षिणेकडे सरकले व या गावांत स्थिरावले. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तेव्हा विणण्याची मूळ विद्या त्यांच्या उपयोगी पडली. धंद्याचे साधन बदलले, पण धंदा हातचा गेला नाही. दोन्ही समाज मुस्लिम, दोन्ही कापसाशी निगडित. एकाला नव्या यंत्राजवळ जागा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. कामगारवर्गाच्या इतिहासात लोकसंख्येइतकेच महत्त्व या जागेला आहे.

प्लेग आणि इन्फ्लुएन्झा

१८९६ साली मुंबईत आलेला प्लेग रेल्वेच्या वाटेने दक्षिणेत पसरला. १८९८ मध्ये हुबळीला त्याचा जबर तडाखा बसला. हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आलेल्या शहरांत हुबळीचे नाव वैद्यकीय इतिहासात घेतले जाते. प्लेग आला की शहरे रिकामी होत. लोक शेतात झोपड्या बांधून राहत आणि गिरण्या व पेठा ओस पडत. मुंबईत त्या काळात मजूर टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी गिरणीमालकांवर आली होती.

त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. एकट्या मुंबई इलाख्यात त्याने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. या साथीचे वैशिष्ट्य असे, की तिने वीस ते चाळीस या ऐन कामाच्या वयातील माणसे अधिक नेली. दुष्काळाने उद्याचा कामगार नेला होता. या साथीने आजचा नेला. १९११ ते १९२१ या दशकात भारताची एकूण लोकसंख्या किंचित घटली. आजवरच्या जनगणनांत अशी दशकभराची घट एवढी एकदाच नोंदली गेली. म्हणून १९२१ हे भारतीय लोकसंख्येच्या इतिहासातील विभाजक वर्ष मानले जाते. जानेवारी १९१९ मधील मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप याच पार्श्वभूमीवर झाला. युद्धकाळातील महागाई हे त्याचे मुख्य कारण होते.

मात्र कामगार कमी झाले म्हणून त्यांची स्थिती सर्वत्र सुधारली, असे म्हणता येत नाही. रेल्वे वर्कशॉपमध्ये वरच्या जागा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी राखीव असल्यासारख्या होत्या. स्थानिक माणूस खलाशी म्हणून लागे आणि फार तर फिटर होई. टंचाई असली तरी वर चढण्याची शिडी आखूडच राहिली.

वाढते शहर आणि औद्योगिक वसाहती

स्वातंत्र्यानंतरचे चित्र वेगळे आहे. साथी आटोक्यात आल्या, मृत्युदर झपाट्याने खाली आला, पण जननदर तितक्या वेगाने उतरला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६२ साली हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. या जोडशहराची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे २ लाख ४८ हजार होती. ती १९७१ मध्ये ३ लाख ७९ हजार, १९८१ मध्ये ५ लाख २७ हजार, १९९१ मध्ये ६ लाख ४८ हजार, २००१ मध्ये ७ लाख ८६ हजार आणि २०११ मध्ये ९ लाख ४४ हजारांच्या घरात पोहोचली.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. साठच्या दशकात वाढीचा वेग ५२ टक्क्यांहून अधिक होता. सत्तरच्या दशकात तो ३९ टक्के झाला, ऐंशीच्या दशकात २३ टक्के आणि पुढील दोन दशकांत २० ते २१ टक्के. माणसे वाढतच राहिली, पण वाढीचा जोर पन्नास वर्षांत निम्म्याहूनही कमी झाला.

वाढीचा जोर सर्वांत जास्त असताना जी पिढी जन्मली, तिला काम हवे होते. रेल्वे वर्कशॉप आणि सूतगिरणी यांची भरती तेवढी नव्हती. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ १९६६ मध्ये स्थापन झाले. हुबळीच्या गोकुळ रस्त्यावर आणि पुढे तारिहाळ, रायापूर, बेलूर अशा ठिकाणी औद्योगिक क्षेत्रे विकसित होत गेली. औद्योगिक झडपा, म्हणजे ज्यांना कारखान्यात व्हॉल्व्ह म्हणतात, त्यांच्या उत्पादनासाठी हुबळी देशभर ओळखली जाऊ लागली. धारवाडजवळ वाहननिर्मितीचे मोठे प्रकल्प आले. १ एप्रिल २००३ पासून हुबळी हे दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय झाले.

येथे जुन्या आणि नव्या कामातील फरक समजून घेतला पाहिजे. रेल्वे वर्कशॉपमधील नोकरी कायम स्वरूपाची होती. तिला निवृत्तिवेतन होते, वसाहत होती, दवाखाना होता. बाप लागला की मुलाला कामाची ओळख घरीच होई. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना मात्र ठेकेदारामार्फत माणसे घेतो, काम संपले की सोडतो. नव्वदच्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज होत गेले, तसे वर्कशॉपच्या कामाचे स्वरूपही पालटले. संख्येने वाढलेल्या पिढीला कारखाना मिळाला, पण वर्कशॉपने दिलेली शाश्वती मिळाली नाही.

जननदराची घसरण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत कर्नाटकाचा एकूण जननदर २.८५ होता. २००५-०६ मध्ये तो २.१ च्या आसपास, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या पातळीवर आला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ नोंदला गेला. याच फेरीत गोव्याचा जननदर १.३ होता, तर बिहारचा ३.०. एकाच देशात तीन वेगवेगळ्या काळांतील समाज नांदत आहेत, असे या आकड्यांवरून म्हणता येईल.

जननदर आणि धर्म यांचा संबंध जोडून पुष्कळ बोलले जाते. म्हणून या सर्वेक्षणाचे निष्कर्ष शिक्षकांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे. १९९२-९३ मध्ये देशातील मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.४ च्या खाली आला. याच काळात हिंदू स्त्रियांचा दर ३.३ वरून १.९ वर आला. दोन्ही समाजांचा प्रवास एकाच दिशेचा आहे आणि त्यांतील अंतर कमी होत आले आहे. घसरणीचा वेग मुस्लिम समाजात अधिक आहे. शिवाय बिहारमधील हिंदू स्त्रियांचा जननदर तमिळनाडूतील मुस्लिम स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, तर बारावी किंवा अधिक शिकलेल्यांचा १.८ आढळतो. तेव्हा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे शाळा, दवाखाना आणि प्रदेश. धर्माच्या नावाखाली मोजली जाणारी तफावत बरीचशी या तिन्हींचीच असते.

जननदर घटल्याचा परिणाम कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचायला अठरा-वीस वर्षे लागतात. कर्नाटकात जननदर २.१ वर आला, तेव्हा जन्मलेली मुले आज विशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या तुकड्या अधिक लहान आहेत. दुसऱ्या बाजूला साठच्या व सत्तरच्या दशकांतील मोठी पिढी निवृत्तीकडे चालली आहे. २०११ मध्ये कर्नाटकात साठीच्या वरचे लोक ९.५ टक्के होते. हे प्रमाण पुढे वाढतच जाणार आहे. मुले कमी आणि वृद्ध अजून फार नाहीत, असा मधला काळ प्रत्येक समाजाला एकदाच मिळतो. त्यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. हुबळी-धारवाड परिसर या काळातून आज जात आहे, आणि तो संपण्यास फार दशके उरलेली नाहीत.

कामगारांची साखळी

कामगारांची जागा रिकामी झाली की ती रिकामी राहत नाही. जवळच्या, अधिक गरजू प्रदेशातून माणसे येतात. कोकणचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवता पुरवता रत्नागिरी जिल्हा स्वतः रिकामा होत गेला. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर असल्याची ही जुनी खूण आहे. कोकणातील मुस्लिम कुटुंबांतील कर्ते पुरुष आधी जहाजांवर आणि १९७० नंतर आखाती देशांत गेले, त्याचाही यात वाटा आहे.

हुबळी परिसरात हीच साखळी दोन्ही अंगांनी दिसते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तेथे बांधकाम, खाणी आणि बंदर यांचा विस्तार झाला. गोव्यातील तरुण परदेशी आणि मुंबईकडे जात होते व जननदरही लवकर उतरला होता. ती उणीव धारवाड, गदग, विजापूर, बागलकोट भागांतील मजुरांनी भरून काढली. १८८० च्या दशकात कापूस ज्या वाटेने मुरगावला गेला, त्याच वाटेने शंभर वर्षांनी मजूर वास्को व मडगावला गेले. शिकलेले तरुण बंगळूरूकडे वळले. या स्थलांतरामुळे जी जागा मोकळी होते, ती भरण्यासाठी दक्षिणेतील कारखाने आणि बांधकामे आज उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथील मजुरांवर अवलंबून आहेत.

हे अवलंबित्व किती खोल आहे, हे मे २०२० मध्ये कर्नाटकात उघड झाले. टाळेबंदीत अडकलेल्या परप्रांतीय मजुरांसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडण्यात येत होत्या. बांधकाम व्यावसायिकांशी चर्चा झाल्यानंतर राज्य सरकारने ५ मे रोजी त्या रद्द करण्याचा निर्णय घेतला. देशभर टीका झाल्यावर दोनच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. मजूर गेला तर काम थांबेल, ही भीती त्या निर्णयामागे होती.

त्याच वेळी स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य हवे, ही मागणीही जुनी आहे. १९८३ साली कर्नाटक सरकारने नेमलेली समिती डॉ. सरोजिनी महिषी यांच्या नावाने ओळखली जाते. त्या धारवाडच्या खासदार राहिल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केले आणि उद्योगक्षेत्राच्या विरोधानंतर दोन दिवसांत स्थगित ठेवले. कारखानदार म्हणतात, स्थानिक माणूस मिळत नाही. स्थानिक तरुण म्हणतात, काम मिळत नाही. दोघेही खरे बोलत असतात. मिळत नाही ते कुशल मनुष्यबळ, आणि मिळत नाही ते शाश्वत काम.

स्त्रियांचे श्रम आणि तारिहाळची आग

कामाच्या वयातील माणसे कमी होऊ लागली की स्त्रियांच्या श्रमाकडे लक्ष जाते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के नोंदला गेला. यातील वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन हातभाराचा आहे. अगरबत्ती वळणे, विड्या वळणे, कपडे शिवणे, मसाला कुटणे ही कामे गरीब मुस्लिम वस्त्यांतील स्त्रिया पूर्वीपासून करीत आल्या आहेत. जनगणनेच्या प्रगणकाने विचारले तर ‘घरीच असते’ असे उत्तर मिळे आणि ते काम मोजले जात नसे. श्रम नवे नाहीत. त्यांची मोजणी नवी आहे.

घराबाहेर पडलेल्या स्त्रीला कारखान्यात काय मिळते, याचे दुःखद उत्तर तारिहाळमध्येच मिळाले. जुलै २०२२ मध्ये तारिहाळ औद्योगिक क्षेत्रात वाढदिवसाच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. भाजलेल्या कामगारांपैकी काही जण दगावले. त्यांत स्त्रियाही होत्या. ज्वालाग्राही माल हाताळण्याचे हे काम अल्प मजुरीवर करवून घेतले जात होते. मोठ्या कंपनीची कौशल्याची नोकरी ज्यांना मिळत नाही, त्यांच्या वाट्याला औद्योगिक वसाहतीतील सर्वांत धोक्याची आणि सर्वांत कमी पगाराची कामे येतात. स्त्रियांचा सहभाग वाढला, असे आकडा सांगतो; तो कोणत्या कामात वाढला, हे आकड्यामागे पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिक्षणाचा दुवा

२०११ च्या जनगणनेनुसार हुबळी-धारवाडच्या लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक आहे. म्हणजेच या समाजातील तरुण कुशल झाले की नाही, यावर शहराच्या कामगारवर्गाचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरणार आहे.

या संदर्भात २००१ च्या जनगणनेचा एक आकडा विचार करायला लावतो. कर्नाटकातील मुस्लिमांची साक्षरता त्या वर्षी ७०.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ६६.६ टक्के. मुस्लिम समाज राज्याच्या पुढे होता. याचे एक कारण असे, की तो मोठ्या प्रमाणावर शहरात राहतो आणि शहरात शाळा जवळ असते. असे असूनही नोकरीत हा समाज मागे होता. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शहरी भागात नियमित वेतनाचे काम असणारे मुस्लिम कामगार सुमारे २७ टक्के होते. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण ४० टक्के आणि इतर मागासवर्गीयांत ३६ टक्के होते. रेल्वेच्या एकूण कर्मचाऱ्यांत मुस्लिम ४.५ टक्के, आणि त्यांतील ९८.७ टक्के खालच्या श्रेणींत. ज्या शहराला रेल्वेने घडवले, तेथील शिक्षकांनी हा शेवटचा आकडा विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

साक्षरता आणि नियमित काम यांच्यामधली ही दरी कोठे पडते? ती प्रामुख्याने आठवी ते बारावीच्या दरम्यान पडते. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, फर्निचरच्या कामावर लागतो. तो हाताने काम शिकतो आणि पुष्कळदा उत्तम शिकतो. पण त्याच्या हुन्नराला कागद नसतो. कारखान्यात आयटीआयचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते त्याच्याकडे नसते. मग तीच कामे तो ठेकेदाराचा माणूस म्हणून निम्म्या पगारात करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० पासून आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. दहावी न झालेल्या कुशल मुलाला त्यांचे बहुतेक दरवाजे बंद राहिले. पिंजाऱ्याच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. तेव्हा हुन्नराची किंमत गेली होती. आज किंमत आहे, पण ती सिद्ध करण्याचे साधन हाती नाही.

समारोप

दीडशे वर्षांच्या या आढाव्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. दुष्काळाने धारवाड जिल्हा रिकामा केला आणि त्याच दुष्काळातून आलेल्या रेल्वेने हुबळी भरली. साथींनी कामगार नेले, पण उरलेल्यांना वरची जागा मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या पिढीला कारखाने मिळाले, शाश्वती मिळाली नाही. आज जननदर घटत असताना माणसाची किंमत वाढण्याची शक्यता आहे. ती वाढ आपोआप पदरात पडणार नाही, हे मागील प्रत्येक वळणाने दाखवून दिले आहे. लोकसंख्या संधी निर्माण करते; ती कोणाच्या हाती पडते, हे शिक्षण आणि कामाच्या अटी ठरवतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आगामी जनगणना २०२७ मध्ये घेण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तिच्या प्रगणनेच्या वेळी महाविद्यालयांना करता येण्यासारखे एक साधे काम आहे. घरी बसून शिवणकाम करणारी स्त्री, गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा, ठेकेदाराकडचा वेल्डर यांची नोंद ‘काम करणारा’ म्हणून अचूक व्हावी, यासाठी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत माहिती द्यावी. ज्याची नोंद होत नाही, त्याच्यासाठी योजना होत नाही.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. आठवी ते बारावीच्या टप्प्यावर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचा माग घेणे, हाताचे काम येणाऱ्यास मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवणे, जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांशी शिकाऊ उमेदवारीचा करार करणे आणि कामावर जाणाऱ्या मुलींना कारखान्यातील सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदी समजावून सांगणे, ही कामे स्थानिक महाविद्यालये करू शकतात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. आज नववीच्या वर्गात बसलेली तुकडी तिच्या आधीच्या तुकड्यांपेक्षा लहान आहे. तीतील एकेक विद्यार्थी गळणे परिसराला पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे.